कॉर्ड बदलली, आता बोट कुठं? स्केलऐवजी कॉर्डच्या सुरांतून सोलो

गणपतीतला कार्यक्रम होता, सांगलीतल्याच एका मंडळाचा. गाणं ए मायनरमधलं, संथ. दोन कडव्यांच्या मधला तुकडा मला गिटारवर वाजवायला दिला होता. पाचव्या फ्रेटवरचा पेंटाटोनिकचा बॉक्स, म्हणजे पाच सुरांचा ठरलेला साचा, बोटांना इतका पाठ, की डोळे मिटूनच सुटलो. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला पोचलो, तिथं छान कंप देत थांबलो आणि नेमकी तेव्हाच खाली ई मेजर कॉर्ड आली. कीबोर्डवर जी शार्प, माझ्या बोटाखाली जी. स्पीकरमधून जे बाहेर पडलं ते पुढच्या खुर्चीतल्या आजोबांनाही कळलं. कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता कीबोर्डवाले अण्णा म्हणाले, "लेका, पायाखालची जमीन सरकली की तुझ्या. तू आपला तिथंच उभा!"

गंमत म्हणजे स्केलच्या हिशेबानं मी एकही सूर चुकलो नव्हतो. बॉक्स बरोबर, बोटं बरोबर. फक्त खाली काय चाललंय ते मी ऐकतच नव्हतो. त्यानंतर वर्षभर मी बॉक्स बाजूला ठेवला आणि कॉर्डच्या सुरांतून वाजवायला शिकलो. त्यात जे हाताला लागलं ते इथं क्रमानं लिहितोय. सी, ए मायनर, एफ, जी या कॉर्ड वाजवता येत असतील आणि एखादा बॉक्स माहीत असेल, तर एवढी तयारी पुरे. नोटेशन वाचता येण्याची गरज नाही. सरगम येत असेल तर उत्तमच, कारण मी सगळं सरगममध्येच सांगणार आहे. पांढरी एक, म्हणजे सी, हा आपला सा.

बॉक्स नेमका कुठं कमी पडतो

सी, ए मायनर, एफ, जी. या चार कॉर्डच्या फेऱ्यावर किती गाणी उभी आहेत याची मोजदाद नको. आता या फेऱ्यावर ए मायनर पेंटाटोनिकचा बॉक्स वाजवा. त्यातले सूर कोणते? सा रे ग प ध. हे तर भूपाचे सूर! म नाही, नी नाही. भूपात ते वर्ज्यच असतात आणि भूप त्यामुळंच भूप आहे.

पण आपल्या फेऱ्यात एफ आहे, तिचा पायाच म. आणि जी आहे, तिच्या पोटात नी. कॉर्ड बदलल्याची खबर ज्या दोन सुरांनी द्यायची, नेमके तेच दोन बॉक्समधून गायब. म्हणून बॉक्समधला सोलो कधी फारसा चुकत नाही आणि कधी काही सांगतही नाही. चारही कॉर्डवरून एकच चादर ओढल्यासारखा वाजतो.

मग सातही सूर घ्यावेत, पूर्ण मेजर स्केल वाजवावी, असं कुणी म्हणेल. मीही तेच केलं होतं. सातही सूर हाताशी आले, पण कुठला कधी, हे स्केल सांगत नाही. सी वाजत असताना म वर थांबलात तर तो ग ला घासतो. जी वाजत असताना सा वर थांबलात तर तो नी ला घासतो. हो, साक्षात सा! एवढं आयुष्य ज्याला घर मानलं तोच खटकतो.

बॉक्सला शिव्या घालण्याचा मात्र हा लेख नाही. एकाच कॉर्डवर दहा मिनिटं चाललेलं वादन असेल तर बॉक्स मजेत वाजवा. तिथं खालची जमीन हलतच नाही.

मिरजेतला गंधार

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते गिटारच्या क्लासात नव्हे, मिरजेत सतारमेकर गल्लीत. आत्याच्या तंबोऱ्याची जवारी करून आणायची होती, म्हणजे आवाज खुलावा म्हणून घोडी घासून घ्यायची होती. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीतला कारभार मानांकनाच्या आधी होता तसाच आहे. दारात भोपळे, आत लाकडाचा भुसा, आणि कुणीतरी कान तारेला लावून बसलेलं. कारागिरानं घोडीवर पट्टी फिरवली, दोरा सरकवला, खर्जाची तार छेडली आणि मला विचारलं, "गंधार येतोय का ऐकू?"

तार सा ची. मी म्हटलं, "गंधार कुठला?" त्यांनी परत छेडली. "घाई नको. मागनं येतोय बघा." आणि खरंच आला. तार सा ची, पण तिच्या गुंजनातून वर, लांबवर, स्वच्छ ग. गवई लोक याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा स्वरांश असतो तो. तिप्पट वेगाचा प असतो. म्हणजे एका तारेत सा, प आणि ग तिन्ही आहेत. सा ग प, दुसरं काय, सी मेजर!

जाता जाता एक सांगतो. गिटारवरचा ग या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे एका फ्रेटच्या सातव्या हिश्शाएवढा. फ्रेट ठोकलेले असल्यानं त्याला इलाज नाही. तंबोऱ्याबरोबर गिटार वाजवताना ग वर फार वेळ बसू नये, ते यासाठी.

तर तंबोरा ही एक न बदलणारी कॉर्ड आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी जो संगीत महोत्सव होतो, तिथं रात्रभर एकच सा घुमत असतो आणि गवई त्यावर अख्खा राग बांधतो. तिथं प्रत्येक सुराचं नातं कायमचं ठरलेलं. आपल्या फेऱ्यात मात्र दर चार मात्रांनी कुणीतरी तंबोरा बदलतंय. सा चं नातं सी वर एक, ए मायनरवर दुसरं, एफवर तिसरं, आणि जी वर तो पाहुणा. सूर तोच, नातं वेगळं. पुढं जे काही करायचंय ते हे नातं बोटाखाली आणायला करायचंय.

आधी कागद

वही घ्या आणि लिहा:

सी: सा ग प
ए मायनर: ध सा ग
एफ: म ध सा
जी: प नी रे

पाठ करा, मोठ्यानं म्हणा. कॉर्डचं नाव घेतलं की तीन सूर तोंडातून आले पाहिजेत. शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे जिना चढताना म्हणायला सांगतो, एक पायरी एक कॉर्ड. मुलं हसतात, पण ज्यांनी केलं त्यांचं पुढचं सगळं पटकन झालं. ज्यांनी हे टाळलं ती मुलं महिन्याभरानं पुन्हा याच पानावर आली.

मग तीन तारा

गिटारच्या सहाही तारांवर हे सूर शोधत बसलात तर उन्हाळा निघून जाईल. फक्त तीन तारा घ्या: तिसरी, दुसरी, पहिली. पहिली म्हणजे सगळ्यात बारीक. आणि जागाही एवढीशीच, तिसऱ्या फ्रेटपासून सहाव्यापर्यंत. खाली आकडे लिहितोय ते तिसरी-दुसरी-पहिली तार या क्रमानं:

सी: 5-5-3, म्हणजे सा ग प
ए मायनर: 5-5-5, म्हणजे सा ग ध
एफ: 5-6-5, म्हणजे सा म ध
जी: 4-3-3, म्हणजे नी रे प

जी मधला नी हा सा च्या खालचा, मंद्रातला, बाकी सगळे मध्य सप्तकातले.

आधी या चार कॉर्ड म्हणून वाजवा, तिन्ही तारा एकदम. मग एकेक तार सुटी. घाई केली की इथं एक सुंदर गोष्ट निसटते. सी वरून ए मायनरवर जाताना काय हललं? फक्त पहिल्या तारेवरचं बोट, प चा ध झाला. बाकी दोन जागच्या जागी. ए मायनरवरून एफ? फक्त दुसरी तार, ग चा म. एफवरून जी ला तिन्ही बोटं खाली उतरतात, आणि म्हणून तिथं कानाला एवढा मोठा बदल जाणवतो. जी वरून परत सी ला प जागेवरच, बाकी दोघं वर चढतात.

कॉर्ड बदलली म्हणजे सगळं जग बदललं असं आपल्याला वाटत असतं. खरं तर बऱ्याचदा एकच माणूस खुर्चीवरून उठलेला असतो.

तीन धागे

आता फोनवर फेरा रेकॉर्ड करून ठेवा. प्रत्येक कॉर्ड चार मात्रा, लय 60 ते 70, मेट्रोनोम लावून, साधं स्ट्रमिंग, पाच मिनिटं सलग. इंटरनेटवर तयार बॅकिंग ट्रॅक ढिगानं मिळतात, पण स्वतःचा केलेला बरा. त्यात ड्रम नसतो, बास नसतो, लपायला जागा नसते. दोन कॉर्ड केरव्याच्या एका आवर्तनात बसतात. घरात कुणी तबला वाजवत असेल तर त्यालाच बसवा. ठेका ऐकू आला की सम चुकत नाही.

रेकॉर्डिंग लावा आणि फक्त तिसरी तार वाजवा, एका कॉर्डला एक सूर: सा, सा, सा, नी. बस्स. पाच मिनिटं हेच.

कंटाळवाणं वाटेल. तिसऱ्या मिनिटाला मात्र काहीतरी होतं. तोच सा पहिल्यांदा घरी आल्यासारखा, ए मायनरवर जरा उदास, एफवर हवेत टांगल्यासारखा लागतो. मग नी आला की पोटात खड्डा पडतो, परत सा हवासा वाटतो. बोट तेच, फ्रेट तोच. हा अनुभव आला की पुढचं सगळं सोपं आहे. आला नाही तर दुसऱ्या दिवशी परत करा. मला तिसऱ्या दिवशी आला.

मग दुसरी तार: ग, ग, म, रे. मग पहिली: प, ध, ध, प. वाजवताना गा. आवाज कसाही असो, दार लावून गा. न गाता वाजवलेला सूर फ्रेटचा आकडा होऊन राहतो.

या तीन धाग्यांत गाण्याचा सगळा सांगाडा आला.

नवा सूर पकडणं

आता खरा खेळ. कॉर्ड बदलते तेव्हा आधीच्या कॉर्डमध्ये नसलेला, नव्यानं आलेला सूर समेवर, म्हणजे इथं त्या कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर, धरायचा. सी वरून ए मायनरला आलात, नवा कोण? ध. एफ आली, नवा कोण? म. जी आली, तिथं तर तिन्ही नवे, पण त्यातला सगळ्यात बोलका नी. परत सी ला सा आणि ग नवे, त्यातला मी ग घेतो, कारण सा वर उतरणं सुरक्षित असतं पण जरा बेचव.

म्हणजे रांग झाली: ग, ध, म, नी. दुसरी तार पाचवा फ्रेट, पहिली तार पाचवा, दुसरी तार सहावा, तिसरी तार चौथा. चार सूर, चार समा.

आता रेकॉर्डिंग बंद करा आणि नुसते हे चार सूर वाजवा, खाली काहीही न लावता. कॉर्ड ऐकू येतात की नाही? आल्या पाहिजेत. हीच माझी परीक्षा आहे. सोलो एकटा वाजवला तरी ऐकणाऱ्याला खालच्या कॉर्ड कळल्या, तर तुम्ही कॉर्डमध्ये आहात. बॉक्सवर ही परीक्षा देऊन बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

इथं एक इशारा, माझ्या अनुभवातला. हे कळल्यावर मी इतका खूश झालो की प्रत्येक कॉर्डचे तिन्ही सूर खालून वर, वरून खाली पळवायला लागलो. सा-ग-प, ध-सा-ग, म-ध-सा. एका मित्रानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन वाजतोय काय रे कुणाचा?" तीन सूर माहीत आहेत म्हणून तिन्ही वाजवलेच पाहिजेत असं नाही. एका कॉर्डला एक सूर पुरतो, दोन म्हणजे चंगळ.

सूर जोडणं

समेचे सूर ठरले. आता मधल्या मात्रांचं काय? नियम एकच: चौथ्या मात्रेवर असा सूर घ्या की तिथून पुढच्या समेचा सूर शेजारी असेल. म्हणजे पाऊल टाकल्यासारखं पुढं जाता येतं, उडी मारावी लागत नाही. ही ओळ घ्या, ऽ म्हणजे सूर लांबवायचा:

सी: ग ऽ ऽ प
ए मायनर: ध ऽ ऽ ग
एफ: म ऽ ध सा
जी: नी ऽ ऽ रे
आणि परत सी वर ग

प वरून ध, ग वरून म, सा वरून नी, रे वरून ग. चारही वेळा शेजारच्या घरात. शिवाय चौथ्या मात्रेचा प्रत्येक सूर त्या त्या कॉर्डमधलाच आहे, त्यामुळं वाटेतही कुठं खटकत नाही. एफच्या बारमध्ये, म्हणजे तिच्या चार मात्रांत, ध वरून सा वर यायला मोठी उतरण आहे, पहिल्या तारेवरून थेट तिसऱ्यावर. ती मुद्दाम ठेवलीय. सगळंच पावलापावलानं चाललं तर ओळ गुळगुळीत होते, एखादा खड्डा हवा.

ही ओळ पाठ झाली की ती मोडा. ग च्या आधी अर्धी मात्रा गप्प बसा. ध दोनदा वाजवा. एफवर म ला स्लाइडनं या, पाचव्यावरून सहाव्यावर. समेचे सूर तेवढे सोडू नका. मी पंधरा दिवस या एकाच ओळीत घर केलं होतं, रोज वीस मिनिटं, आणि घरातले वैतागले होते. अजूनही कुणी माझी नक्कल करायची म्हटली की हीच ओळ गुणगुणतं.

रे सारखे सूर, जे सी मध्ये नाहीत पण स्केलमध्ये आहेत, ते आता कामाला येतात. स्केल टाकून द्यायची नाही. घराघरांमधली ती गल्ली. गल्लीतून चालायचं, मुक्काम मात्र घरात करायचा.

कण आणि मुरकी

आपल्या कानाला नुसता सरळ सूर पुरत नाही. त्याला कण लागतो. कॉर्डच्या सुराला खालून अर्धा सूर आधी स्पर्श करा, एक फ्रेट खालून. ग वर यायचंय, म्हणजे दुसऱ्या तारेचा पाचवा. तर चौथ्यावर, कोमल ग वर, क्षणभर टेकून हॅमर-ऑननं, म्हणजे तार परत न छेडता बोट आपटून, पाचव्यावर या. कोमल ग या फेऱ्यात कुठंच नाही, पण तो इतका थोडा वेळ असतो की उलट ग उजळतो. हे कुठल्याही कॉर्डच्या कुठल्याही सुराला चालतं. स्केल बघायची गरज नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे वेढा घालणं. आधी वरचा, मग खालचा, मग नेमका: सहावा, चौथा, पाचवा. म, कोमल ग, ग. भावगीत किंवा नाट्यगीत ऐकत वाढलेल्या माणसाला ही मुरकी ओळखीची वाटेल. सांगलीत नाट्यगीत कानावर न पडता मोठं होणं अवघड. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात पहिलं मराठी नाटक उभं केलं, आणि गाण्याचं वेड तेव्हापासून उतरलेलं नाही. तर गळ्यातून जे कण-मुरक्या ऐकल्यात त्या फ्रेटवर आणा. परदेशी वादकांच्या क्लृप्त्या पाठ करण्यापेक्षा ते लवकर आपलं होतं. फक्त ध्यानात ठेवा, मुरकीचा शेवटचा सूर समेवर पडला पाहिजे. वेढा आधीच सुरू करावा लागतो, मागच्या कॉर्डच्या चौथ्या मात्रेतच.

जागा बदलणं

तीन तारांवरचे हेच धागे आणखी वर सापडतात. सातव्या ते दहाव्या फ्रेटमध्ये:

सी: 9-8-8
ए मायनर: 9-10-8
एफ: 10-10-8
जी: 7-8-7

आता पहिल्या तारेवर सा, सा, सा, नी आहे. मघाशी तिसरीवर होतं तेच, एक सप्तक वर. प, ध, ध, प दुसरीवर आलं. ग, ग, म, रे तिसरीवर. धागे तेच, विणकर फक्त खुर्च्या बदलून बसलेत. तिसरी जागा बाराव्या फ्रेटच्या आसपास आहे, ती आकडे न बघता तुम्हीच शोधा. सूर तर पाठ आहेतच. साध्या अकूस्टिकवर तिथं हात अडतो, इलेक्ट्रिक असेल तर मजा येईल.

सगळ्या गळपट्टीवर हे पसरायला वर्ष लागतं आणि लागू द्यावं. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात 1928 च्या आगीत भाजला, दोन बोटं जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्यानं जे सोलो वाजवले त्यांचा कणा कॉर्डच्या सुरांचाच आहे. आपल्याला चार बोटं आहेत. तक्रारीला जागा कमी.

चौथा सूर

कॉर्डच्या तीन सुरांत चौथा, म्हणजे पायापासून मोजला तर सातवा, सूर आला की हा सगळा प्रकार आणखी सोपा होतो, अवघड नव्हे. डी मायनर सेवन, जी सेवन, सी मेजर सेवन ही चाल घ्या. फक्त तिसरी आणि दुसरी तार बघा, त्याच क्रमानं:

डी मायनर सेवन: 5-6, सा आणि म
जी सेवन: 4-6, नी आणि म
सी मेजर सेवन: 4-5, नी आणि ग

एका वेळी एकच बोट, एकच फ्रेट खाली. दोन तारांवर दोन सूर, आणि पूर्ण चाल ऐकू येते. प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर तेवढे घेतलेत, पायाचा सूर बासवाल्यावर सोडलाय.

ब्लूज वाजवणाऱ्यांसाठी अशीच एक युक्ती. ए सेवनवर तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट, डी सेवनवर पाचवा, ई सेवनवर चौथा. बारा बारमध्ये एवढे तीन सूर योग्य वेळी टेकवले तरी ऐकणारा मान डोलावतो. बाकी बॉक्स खुशाल वाजवा.

तुमचं गाणं

आवडीचं एक गाणं निवडा, चार-पाच कॉर्डचं. कॉर्ड लिहा, त्याखाली प्रत्येकीचे सूर लिहा. मग लाल पेननं नव्या सुरांना गोल करा, जे आधीच्या कॉर्डमध्ये नव्हते ते. गोल केलेल्या सुरांतून एक ओळ गुणगुणा. ती ओळ हाताला लागेल अशी जवळची जागा शोधा. वाजवा. गायक काळी चारवरून गाणार असेल तर आधी सरगममध्ये विचार करा आणि मग हात सरकवा. कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला तर तेवढंही नको.

स्केलमध्ये न बसणारी एखादी कॉर्ड गाण्यात नक्की सापडेल. तिच्याकडं सगळ्यात आधी बघा, कारण गाडी तिथंच घसरते. माझी तिथंच घसरली होती. ए मायनरच्या गाण्यात ई मेजर येते तेव्हा प जाऊन कोमल ध येतो. गायकाचा सा तेव्हा ए असतो, म्हणजे त्याच्या लेखी कोमल नी जाऊन शुद्ध नी आला. किरवाणी राग ऐकलेल्याला हे सांगायला नको. पेंटाटोनिकच्या बॉक्सला मात्र याचा पत्ताच नसतो.

अशा गाण्यासाठी तीन तारांवरच्या जागा या:

ए मायनर: 5-5-5
डी मायनर: 7-6-5
ई मेजर: 4-5-4

ए मायनरवरून ई ला सा खाली नी वर येतो, पहिल्या तारेवर ध कोमल होतो, ग हलत नाही. पहिली तार बघा: पाच, पाच, चार, आणि परत पाच. तो चार एवढा एकच सूर लक्षात ठेवला तरी काम भागतं.

पुढच्या गणपतीला तेच गाणं परत आलं, तेच मंडळ, तेच अण्णा. मधला तुकडा मलाच. मी सवयीनं दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर पोचलो, आणि ई यायच्या अर्धी मात्रा आधी बोट एक घर पुढं सरकवलं, नवव्यावर. अण्णांनी कीबोर्डवरून मान वर केली नाही.

वायरी गुंडाळताना फक्त एवढंच म्हणाले, "शेवटाला जरा जास्तच लांबवलास."

ते खरं होतं. पुढच्या आठवड्यापासून मेट्रोनोम 60 वर लावून सूर कुठं सोडायचा, त्याचा सराव सुरू केला: समेवर धरायचा, तिसऱ्या मात्रेला बोट उचलायचं, चौथी रिकामी.